परीक्षक साधनांची विभक्त रचना : वाशिमच्या गावदफ्तराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

१. प्रास्ताविक

दफ्तर ज्याच्या हाती असते त्याच्यावर दुसऱ्या कोणाची तरी नजर असली पाहिजे, हा विचार दफ्तराइतकाच जुना आहे. गेल्या काही दशकांत राज्यकारभाराचे दफ्तर कागदावरून संगणकात गेले आणि कारकुनाच्या लेखणीचे बरेचसे काम आज्ञावलीकडे आले. त्याबरोबर आज्ञावलीची परीक्षा करण्याची निकड उत्पन्न झाली. माणसाने लाखो ओळी वाचून त्यांतील दोष हुडकणे शक्य नसल्यामुळे हे कामही आज्ञावल्यांवरच सोपविण्यात आले. अशा परीक्षक आज्ञावल्यांना येथे ‘परीक्षक साधने’ म्हटले आहे. त्यांतील काही सुरक्षितता पाहतात, म्हणजे परक्या माणसाला आत शिरण्यास वाट कोठे राहिली आहे ते शोधतात; काही विश्वसनीयता पाहतात, म्हणजे आज्ञावली कोठे कोलमडेल किंवा चुकीचे उत्तर देईल ते सांगतात.

परंतु परीक्षक साधन हीही अखेर एक आज्ञावलीच होय. तिच्यात दोष असू शकतो. इतकेच नव्हे, तर परीक्षेसाठी तिला दुसऱ्यांचे मूळ लेखन वाचावे लागते आणि पुष्कळदा त्यांच्या गुप्त किल्ल्याही जवळ बाळगाव्या लागतात. यामुळे तिच्यातील दोष इतर आज्ञावल्यांतील दोषांहून अधिक घातक ठरतो. म्हणून ही साधने कशी रचावीत हा प्रश्न केवळ तांत्रिक सोयीचा राहत नाही.

या प्रश्नाला अलीकडच्या काळात मिळालेले एक उत्तर ‘मायक्रोसर्व्हिस’ या नावाने प्रसिद्ध आहे. मराठीत त्यास ‘सूक्ष्मसेवा’ म्हणता येईल. सर्व कामे एकाच अखंड आज्ञावलीत न कोंबता, प्रत्येकी एकच काम करणाऱ्या, स्वतंत्रपणे चालणाऱ्या व स्वतंत्रपणे बदलता येणाऱ्या लहान आज्ञावल्यांचा समूह उभारावयाचा आणि त्यांनी ठरावीक नमुन्यात एकमेकींना निरोप पाठवून काम पुरे करावयाचे, असे या रचनेचे स्वरूप आहे. या रचनेचे मोल तुकडे लहान असण्यात नाही. अधिकार, गृहीते आणि अपयश या तीन गोष्टी खरोखर विभक्त झाल्या आहेत किंवा नाहीत, यावरच ते ठरते. हे प्रतिपादन स्पष्ट करण्यासाठी वाशिम जिल्ह्याच्या जमीनविषयक दफ्तराचा तुलनेकरिता उपयोग केला आहे. सूक्ष्मसेवांचा उगम गावदफ्तरात आहे असे त्यावरून सुचवावयाचे नाही. एकाच प्रश्नाला दोन भिन्न काळांनी दिलेली उत्तरे शेजारी ठेवून पाहावयाची आहेत, एवढाच तिचा हेतू.

२. वाशिमचे दफ्तर

वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. येथे १९३९ मध्ये दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. त्यातील वंशवर्णनाचा भाग संस्कृतात असून दानाचा प्रत्यक्ष व्यवहार सांगणारा भाग प्राकृतात आहे. राजाचे कूळ सांगणारी भाषा एक आणि गावकऱ्यांना व अधिकाऱ्यांना बंधनकारक असलेला मजकूर सांगणारी भाषा दुसरी, अशी ही वाटणी आहे. जमिनीचा हक्क टिकावा म्हणून तो धातूवर कोरून ठेवण्याची चाल दफ्तराच्या सुरक्षिततेचाच एक प्राचीन उपाय होता. मात्र त्या उपायात नोंद करणारा आणि नोंदीची हमी देणारा हे दोघेही राजसत्तेचेच हात होते.

अर्वाचीन काळात १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांत बासीम हा एक जिल्हा होता. १९०५ च्या पुनर्रचनेत तो मोडून त्याचा बहुतेक भाग अकोल्यात गेला. पुढे हा मुलूख मध्यप्रदेशातून १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून अलग होऊन वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा वाशिम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. सत्ता आणि सीमा अशा रीतीने वारंवार बदलल्या, तरी गावाच्या पातळीवरील नोंद चालूच राहिली. वऱ्हाडात जो पटवारी म्हणून ओळखला जात असे तो तलाठी झाला, इतकेच.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. त्यातील हक्कनोंदणीची पद्धत या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. खरेदी, वारसा किंवा वाटणी यांमुळे हक्कात बदल झाला म्हणजे तलाठी तो प्रथम फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, लिहितो. लिहिताक्षणी ती नोंद सातबारावर चढत नाही. तिची प्रत चावडीवर लावावी लागते आणि हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते. कोणी हरकत घेतली तर ते प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या निराळ्या नोंदवहीत, गाव नमुना सहा-अ मध्ये, जाते आणि त्याचा निर्णय तलाठी देत नाही. हरकत नसल्यास मंडळ अधिकाऱ्यासारखा वरिष्ठ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच अधिकार अभिलेख बदलतो.

या पद्धतीत तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. लिहिणारा आणि प्रमाणित करणारा हे भिन्न आहेत. विवादग्रस्त प्रकरण वेगळ्या वहीत गेल्याने बाकीच्या निर्विवाद नोंदी अडून राहत नाहीत. म्हणजे एका ठिकाणचा अडथळा सर्वत्र पसरत नाही. आणि ज्याचे हित गुंतलेले आहे अशा बाहेरच्या माणसाला, खातेदाराला, नोंद पाहण्याचा व आक्षेप घेण्याचा अधिकार आहे. पद्धतीची उणीवही तितकीच स्पष्ट आहे. तीच माहिती अनेक नमुन्यांत विभागली गेल्याने सातबारा आणि आठ-अ यांचा मेळ बसविणे हे स्वतंत्र काम होऊन बसते, आणि काम अनेक हातांतून गेल्याने विलंब लागतो. विभागणीचे हे मोल सूक्ष्मसेवांनाही चुकलेले नाही.

३. परीक्षक साधनांचा उदय

आज्ञावलीची परीक्षा आज्ञावलीने करावयाची या कल्पनेला सिद्धान्ताने प्रारंभीच मर्यादा घालून दिली. दिलेली कोणतीही आज्ञावली केव्हा तरी थांबेल की नाही हे नेहमी अचूक सांगणारी रीत असू शकत नाही, असे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये दाखविले. १९५३ मध्ये हेन्री राइस यांनी हा निष्कर्ष आज्ञावलीच्या वर्तनाविषयीच्या सर्व महत्त्वाच्या प्रश्नांना लागू केला. याचा व्यावहारिक अर्थ असा की कोणतेही परीक्षक साधन परिपूर्ण असू शकत नाही. ते एक तर काही दोष गाळते, किंवा निर्दोषावर आळ घेते, किंवा काही प्रसंगी उत्तरच देत नाही. एक साधन पुरे पडत नाही, म्हणून भिन्न तत्त्वांवरील अनेक साधने लागतात. पुढील विभक्त रचनेचे बीज या सिद्धान्तातच आहे.

आज्ञावली न चालविता, केवळ तिचे लेखन तपासून, कोणत्या स्थळी कोणते मूल्य पोहोचू शकते याचा हिशेब करण्याची एकसूत्री रीत गॅरी किल्डॉल यांनी १९७३ मध्ये मांडली. १९७७ मध्ये पॅट्रिक कूझो व राधिया कूझो यांनी ‘अमूर्त अर्थनिर्णया’ची उपपत्ती देऊन अशा हिशेबाला गणिती पाया दिला. १९९० मध्ये विस्कॉन्सिन येथील बार्टन मिलर व त्यांचे सहकारी यांनी अगदी निराळी वाट दाखविली. युनिक्सवरील नित्याच्या आज्ञावल्यांना त्यांनी वाटेल ती अक्षरे पुरविली आणि त्यांतील कोणत्या कोलमडतात हे पाहिले. पहिला मार्ग तर्काचा, दुसरा प्रयोगाचा. पहिला सावध असतो, परंतु पुष्कळदा खोटा इशारा देतो. दुसऱ्याने दाखविलेला दोष खरा असतो, परंतु त्याने न दाखविलेल्या दोषांविषयी काहीच सांगता येत नाही.

महाराष्ट्रात या शास्त्राची परंपरा मुंबई व पुणे या दोन ठिकाणी वाढली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत धनंजय धामधेरे यांनी भाषांतरक आज्ञावल्यांच्या सुधारणेवर, विशेषतः तीच गणना पुन्हा पुन्हा होऊ न देण्याच्या रीतींवर, काम केले. धामधेरे आणि उदय खेडकर यांनी १९९४ मध्ये माहितीप्रवाहाच्या विश्लेषणाची एक सामान्य उपपत्ती प्रसिद्ध केली. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचा या विषयावरील ग्रंथ २००९ मध्ये निघाला. पुण्यात १९८१ मध्ये टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र स्थापन झाले. त्यामागे फकीरचंद कोहली यांची प्रेरणा होती. या केंद्रातील संशोधकांनी आज्ञावल्यांचे विश्लेषण व पडताळणी यांवर दीर्घकाळ काम केले.

पुण्यातील या कामाचे एक फळ ‘व्हेरिअ‍ॅब्ज’ हे साधन होय. आज्ञावल्यांची पडताळणी करणाऱ्या साधनांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा दरवर्षी भरते. २०२० साली तिच्या ‘रीचसेफ्टी’ या गटात, म्हणजे अनिष्ट स्थितीला आज्ञावली पोहोचू शकते काय या प्रश्नाच्या गटात, व्हेरिअ‍ॅब्ज पहिले आले. त्याची घडण येथे उद्बोधक आहे. ते एकाच पद्धतीवर विसंबत नाही. आज्ञावलीतील आवर्तनांचे स्वरूप पाहून कोणती पद्धत आधी लावावी हे ते ठरविते, आणि पहिली निष्फळ ठरल्यास पुढचीकडे वळते. त्यात तर्काची साधने आहेत तशीच प्रयोगाचीही आहेत, आणि त्यांतील काही इतरत्र तयार झालेली आहेत. व्हेरिअ‍ॅब्जला सूक्ष्मसेवांचा समूह म्हणता येणार नाही. परंतु परस्परांची उणीव भरून काढणाऱ्या अनेक परीक्षकांना एका निर्णयव्यवस्थेखाली आणण्याचे तत्त्व त्यात पूर्णपणे दिसते.

४. विभागणीचा विचार

आज्ञावली कोठे तोडावी हा प्रश्न सूक्ष्मसेवांच्या फार आधीचा आहे. एखाद्या संघटनेने घडविलेल्या यंत्रणेची रचना त्या संघटनेतील दळणवळणाच्या रचनेसारखीच होते, असे निरीक्षण मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये नोंदविले. डेव्हिड पार्नास यांचा १९७२ चा निबंध अधिक मूलगामी आहे. कामाच्या पायऱ्यांप्रमाणे आज्ञावली तोडू नये. पुढे बदलण्याचा संभव असलेला एकेक निर्णय एकेका भागात झाकून ठेवावा, असे त्यांनी सांगितले. १९७३ च्या सुमारास युनिक्समध्ये डग्लस मॅक्इलरॉय यांच्या आग्रहाने ‘पाइप’ आला आणि एका लहान आज्ञावलीचे फलित दुसरीच्या हाती सोपविण्याची सोपी सोय झाली.

बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘लिंट’ हे साधन केले, ते याच वातावरणात. सी भाषेतील लेखन यंत्रभाषेत नेण्याचे काम भाषांतरक करी. संशयास्पद जागा दाखविण्याचे काम लिंटकडे होते. भाषांतरकाने आपले काम झटपट उरकावे आणि परीक्षकाने सवडीने सर्व भागांचा परस्परसंबंध पाहावा, अशी ही वाटणी होती. तलाठ्याने लिहावे व मंडळ अधिकाऱ्याने पाहावे यामागील व्यवहारज्ञान याहून फार निराळे नाही.

‘मायक्रोसर्व्हिस’ हा शब्द २०११ च्या सुमारास स्थापत्यकारांच्या चर्चेत रूढ होऊ लागला. जेम्स लुइस व मार्टिन फाउलर यांच्या २०१४ मधील लेखाने त्याला सर्वत्र प्रसिद्धी मिळाली. त्याच सुमारास ‘डॉकर’ व ‘क्युबरनेटिस’ ही साधने आली. प्रत्येक सेवेला स्वतःच्या पेटीत बंद करून चालविणे व एक पेटी पडल्यास दुसरी उभी करणे त्यांमुळे सुकर झाले.

परीक्षक साधनांच्या बाबतीत या रचनेचे उत्तम ज्ञात उदाहरण गूगलच्या ‘ट्रायकॉर्डर’चे आहे. त्याचे वर्णन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. गूगलमध्ये पूर्वी परीक्षक साधने आणली गेली, पण अभियंते ती वापरीनात. खोट्या इशाऱ्यांना ते कंटाळत. ट्रायकॉर्डरने परीक्षा अनेक सेवांत विभागली. या विभागणीचे गमक साधनाला किती माहिती लागते हे होते. काही परीक्षांना बदललेल्या फायलीच पुरतात. काहींना त्या फायली कोणत्या इतर भागांवर अवलंबून आहेत हे ठाऊक असावे लागते. काहींना संपूर्ण आज्ञावलीची बांधणी झाल्यावाचून काम सुरू करता येत नाही. पहिल्या प्रकारच्या परीक्षांनी तिसऱ्या प्रकारासाठी खोळंबून राहू नये, म्हणून हे तीन टप्पे निराळे ठेवले गेले. शिवाय प्रत्येक इशाऱ्यापाशी ‘उपयोगी नाही’ असे कळविण्याची सोय होती, आणि ज्या परीक्षेचे दहा टक्क्यांहून अधिक इशारे निरुपयोगी ठरत ती दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवता येई. एक परीक्षा बंद पडली म्हणून बाकीच्या थांबत नसत. ज्याच्या कामाची परीक्षा व्हावयाची त्यालाच परीक्षकावर आक्षेप घेण्याचा अधिकार देणारी ही योजना आहे. चावडीवरील नोटिशीचे तत्त्व येथे निराळ्या वेषात भेटते.

५. रचनेचे कार्य

अशा समूहाचे काम कसे चालते हे एका कल्पित उदाहरणाने पाहणे सोयीचे होईल. फेरफाराची नोंद घेणारी एखादी आज्ञावली परीक्षेसाठी आली आहे असे समजावे. पहिली सेवा मूळ लेखन आणते. तिला वाचण्याचा अधिकार आहे, लिहिण्याचा नाही. दुसरी त्या लेखनाचे सर्व परीक्षकांना समजेल अशा मध्यम रूपात परिवर्तन करते. त्यानंतर परीक्षक सेवा एकाच वेळी कामाला लागतात. एक सेवा पाहते की खातेदाराने भरलेला मजकूर न तपासता थेट विदागाराला दिलेल्या आज्ञेत मिसळतो काय. तसे झाल्यास नावाच्या रकान्यात आज्ञा लिहून दुसऱ्याची नोंद पुसता येईल. दुसरी पाहते की हेक्टर-आर मधील क्षेत्राची बेरीज करताना संख्या ठरलेल्या मर्यादेबाहेर जाते काय. तिसरी सेवा आज्ञावली प्रत्यक्ष चालवून तिला वेडीवाकडी माहिती पुरविते. हिचे काम जोखमीचे असते, कारण परके व अविश्वसनीय लेखन येथे प्रत्यक्ष चालते; म्हणून तिला बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेल्या, काम संपताच नष्ट होणाऱ्या पेटीत ठेवावे लागते.

सर्वांचे निष्कर्ष अखेर एका संकलक सेवेकडे येतात. निष्कर्षांची भाषा एक असल्यावाचून हे संकलन अशक्य असते. त्यासाठी ‘सारिफ’ नावाचा नमुना २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाला. गाव नमुने राज्यभर एकसारखे असावेत यामागील गरज आणि ही गरज एकच आहे. कारंज्याचा उतारा रिसोडच्या अधिकाऱ्याला वाचता आला पाहिजे, तसा एका परीक्षकाचा निष्कर्ष दुसऱ्याला वाचता आला पाहिजे.

या रचनेत अधिकार विभक्त होतात, कारण मूळ लेखन आणणाऱ्या सेवेची किल्ली ते चालविणाऱ्या सेवेजवळ नसते. अपयश विभक्त होते, कारण एक परीक्षक अनंत आवर्तनात सापडला तर ठराविक वेळेनंतर त्याला थांबविता येते व निकालपत्रात ‘ही परीक्षा झाली नाही’ अशी नोंद होते. ही शेवटची नोंद अत्यावश्यक आहे. न झालेल्या परीक्षेचा निकाल ‘दोष नाही’ असा वाचला गेला तर विभक्त रचना अखंड रचनेपेक्षा अधिक फसवी ठरेल. गृहीते मात्र आपोआप विभक्त होत नाहीत. याविषयी इतिहासाची साक्ष पाहणे अगत्याचे आहे.

६. इतिहासाची साक्ष

४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान ५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात नष्ट झाले. एक मोठी संख्या सोळा अंकस्थानांत मावेना आणि दिशादर्शक संगणक बंद पडला. त्याला पर्यायी संगणक होता. पण त्यातही तीच आज्ञावली होती, त्यामुळे तोही त्याच कारणाने बंद पडला. यंत्रे दोन होती, गृहीत एक होते.

जवळजवळ तीन दशकांनी हीच गोष्ट सुरक्षिततेच्या क्षेत्रात घडली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक साधनाला पाठविलेल्या एका सुधारणेमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची वेळ आली. कंपनीने नंतर दिलेल्या कारणमीमांसेनुसार नव्या नमुन्यात २१ रकाने अपेक्षित होते, तर साधनाकडे प्रत्यक्षात २० मूल्येच पोहोचत होती. सुधारणा पाठविण्यापूर्वी ती तपासणारा स्वतंत्र परीक्षक होता. परंतु २१ मूल्ये मिळतील असे त्यानेही धरून चालल्यामुळे त्याने ती सुधारणा निर्दोष ठरविली. शिवाय सुधारणा थोड्या संगणकांवर आधी पाठवून पाहण्याची रीत त्या प्रकारच्या मजकुराला लावलेली नव्हती. परीक्षक वेगळा होता, त्याचे गृहीत वेगळे नव्हते. आणि अपयशाला वाटेत अडविणारा बांध नव्हता.

तिसरे उदाहरण अधिकाराचे आहे. आज्ञावलीच्या किती भागाची चाचणी झाली हे मोजणाऱ्या ‘कोडकोव्ह’ या साधनाच्या एका भागात ३१ जानेवारी २०२१ पासून कोणी परक्याने फेरफार केला. हा भाग हजारो संस्थांच्या यंत्रणांत चालत असे आणि तेथील गुप्त किल्ल्या त्याच्या आवाक्यात येत. त्या किल्ल्या बाहेर पाठविल्या जाऊ लागल्या. मोजमाप करण्यास किल्ल्यांची गरज नव्हती; त्या सहज हाताशी होत्या, इतकेच. १ एप्रिल २०२१ रोजी हा प्रकार उघडकीस आला तो एका ग्राहकामुळे. प्रसिद्ध केलेली तपासणी-संख्या आणि उतरवून घेतलेल्या फायलीची संख्या त्याने ताडून पाहिली, ती जुळेना. दोन महिने जे यंत्रणेच्या ध्यानात आले नाही ते बाहेरच्या एका दक्ष माणसाच्या ध्यानात आले. ताडून पाहता येईल अशी खूण जाहीरपणे लावलेली नसती, तर त्यालाही ते कळले नसते.

या तिन्ही घटनांवरून विभागणीचा सरसकट पुरस्कार करणे मात्र चुकीचे होईल. २०२३ मध्ये ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओ विभागातील अभियंत्यांनी प्रसिद्ध केलेला अनुभव याच्या उलट आहे. प्रक्षेपणातील चित्र व ध्वनी यांतील दोष शोधणारे त्यांचे साधन प्रथम अनेक विखुरलेल्या घटकांत विभागलेले होते. प्रत्येक चित्रचौकट एका घटकाकडून दुसऱ्याकडे साठवणीच्या मार्गाने जाई, आणि खर्च या ने-आणीतच होई. हे घटक एका प्रक्रियेत एकत्र आणल्यावर खर्च ९० टक्क्यांहून अधिक कमी झाला. तेथील घटकांचे अधिकार भिन्न नव्हते आणि त्यांच्या अपयशाचे परिणामही भिन्न नव्हते. म्हणून त्यांच्यामधील भिंतींनी केवळ वाट लांबविली. गावदफ्तरातही एका गावाचे सर्व नमुने एकाच तलाठ्याजवळ असतात. सहा नमुन्यांना सहा तलाठी नेमले जात नाहीत. वेगळा केला जातो तो प्रमाणित करणारा. विभागणी विश्वासाच्या सीमेवर झाली आहे, कागदाच्या संख्येप्रमाणे नव्हे.

७. उपसंहार

भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाचा केंद्र सरकारचा प्रयोग १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत विदर्भातील वर्धा जिल्हा होता. २०१८ पासून महाराष्ट्रात अंकीय स्वाक्षरी असलेला सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू होऊन पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करण्याची पद्धत आली. वाशिमसारख्या, मुख्यतः पावसावर विसंबून सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या जिल्ह्यात या नोंदीला असाधारण महत्त्व आहे. पीककर्ज आणि नुकसानभरपाई यांच्या वाटा तिच्यातून जातात. कागदावर चुकलेली नोंद एका खातेदाराची असे; आज्ञावलीतील एक चूक एकाच क्षणी सहाही तालुक्यांतील खातेदारांची होऊ शकते. दोषाच्या व्याप्तीतील हा फरक ध्यानात घेतला म्हणजे परीक्षक साधनांच्या रचनेचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांपुरता का राहत नाही हे दिसून येते.

कोणत्याही परीक्षक साधनाच्या रचनेला म्हणून तीन प्रश्न विचारले पाहिजेत. प्रत्येक भागाजवळ त्याच्या कामापुरतेच अधिकार आहेत काय? परीक्षक ज्याची परीक्षा करतो त्याच्याच गृहीतांवर तो उभा नाही ना? आणि एक भाग पडला तर ते अपयश तेथेच थांबते व उघडपणे नोंदले जाते काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर रचना दहा सेवांची आहे की दोन सेवांची, हा मुद्दा गौण ठरतो. ती समाधानकारक नसतील तर शंभर सेवांनीही काही साधणार नाही. गावदफ्तराने घालून दिलेला चौथा प्रश्न यांस जोडावा लागेल : ज्याचे हित गुंतले आहे अशा बाहेरच्या माणसाला ताडून पाहता येईल असे काही चावडीवर लावले आहे काय?

इतिहासाच्या अभ्यासकांचा या विषयाशी असलेला संबंध येथे स्पष्ट होतो. वत्सगुल्माच्या ताम्रपटाची सत्यासत्यता लिपी, भाषा व धातू यांवरून पारखता येते. एकविसाव्या शतकातील वाशिमच्या शेतीचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती असा धातू राहणार नाही. कोणती आज्ञावली त्या वेळी चालत होती, तिची परीक्षा कोणत्या साधनांनी केली, कोणत्या परीक्षा झाल्याच नाहीत आणि कोणते इशारे दुर्लक्षिले गेले, हे कळण्यास त्या साधनांच्या आवृत्त्या व निकालपत्रे जपलेली असावी लागतील. सातबाराबरोबर त्याच्या परीक्षेचे दफ्तरही अभिलेखागारात ठेवण्याची व्यवस्था आजच झाली पाहिजे. कारण फेरफार नोंदवही हरवली म्हणजे सातबाराचा प्रत्येक रकाना जागेवर असूनही त्यामागील कारण नाहीसे होते, आणि हा अनुभव जुन्या दफ्तरांत काम केलेल्या प्रत्येक संशोधकाच्या परिचयाचा आहे.